शॉर्ट स्टॅकचा ब्लफ (पोकर टूर्नामेंट)

नो-लिमिट होल्डेमच्या (हातात दोन पत्ते, टेबलवर पाच सामाईक पत्ते आणि हवी तेवढी पैज असा पोकर) टूर्नामेंटमध्ये साधारण 15 बिग ब्लाइंडपेक्षा (दर डावाआधीच्या दोन सक्तीच्या पैजांपैकी मोठी) कमी चिप्स उरलेल्या खेळाडूला शॉर्ट स्टॅक म्हणतात. त्याचा ब्लफ म्हणजे बहुतेक वेळा फ्लॉपआधीच (टेबलवरचे पहिले तीन पत्ते उघडण्याआधी) केलेला ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावणं. तो साधेल की फसेल, हे हातातल्या पत्त्यांपेक्षा समोरच्याला कॉल करायला (तेवढीच पैज लावून डावात राहायला) किती चिप्स मोजाव्या लागतात यावर ठरतं. म्हणून स्टॅक अजून समोरच्याला झोंबेल इतका असतानाच हा डाव टाकायचा असतो. बहुतेक जण नेमके इथेच उशीर करतात.

हिशेब असा. ब्लाइंड 500/1000 (स्मॉल आणि बिग) आणि बिग ब्लाइंडने भरायचा अँटे (आणखी एक सक्तीची रक्कम) 1000, म्हणजे पत्ते वाटायच्या वेळीच पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 2500 असतात. बटणावरच्या (दोन्ही ब्लाइंडच्या लगेच आधीच्या जागेवरच्या) खेळाडूने 8000 चा ऑल-इन केला आणि स्मॉल ब्लाइंडने फोल्ड केलं (पत्ते टाकले), तर बिग ब्लाइंडला आणखी 7000 घालून 10,500 जिंकायचे असतात. त्यासाठी त्याला किमान 40 टक्के वेळा जिंकणारा हात लागतो, आणि तसा नसेल तर तो पत्ते टाकतो. हाच ऑल-इन 3000 चा असता तर 2000 घालून 5500 मिळाले असते, म्हणजे 27 टक्के पुरे. दुर्री-सत्तीसारखा रद्दी हातसुद्धा कोणत्याही अनोळखी हातासमोर सुमारे 35 टक्के वेळा जिंकतो. तीन ब्लाइंड उरलेल्या खेळाडूला ब्लफ उरतच नाही, त्याने फक्त हातातल्या पत्त्यांचा दम पाहायचा. या टेबलवर एका फेरीला 2.5 ब्लाइंड जातात. आठवर असताना ‘चांगला हात येऊ दे’ म्हणत थांबलेला एका फेरीत साडेपाचवर येतो आणि त्याच्या ऑल-इनचा धाक ओसरतो.

आता ब्लफ करणाऱ्याची बाजू. 8000 लावून 2500 उचलायचे आणि कॉल झाल्यावर जिंकण्याची शक्यता शून्य धरली, तर 76 टक्के वेळा फोल्ड मिळायला हवं. कॉल झाल्यावरही 35 टक्के वेळा जिंकणारा हात असेल, तर ही गरज 43 टक्क्यांवर उतरते. म्हणून ब्लफसाठीही पत्ते निवडावे लागतात. एका रंगाची नव्वी-अठ्ठी एक्का-राजासमोर 40 टक्क्यांच्या आसपास जिंकते. दिसायला भारी असलेली राजा-सत्ती त्याच एक्का-राजासमोर जेमतेम पाव वेळा. एका रंगाची एक्का-पंजी तर खास कामाची. आपल्या हातात एक एक्का असला की समोर एक्क्यांची जोडी असण्याचे 6 प्रकार 3 वर येतात आणि एक्का-राजाचे 16 प्रकार 12 वर.

जागेचं महत्त्वही असंच मोजता येतं. मागचा प्रत्येक जण 10 टक्के हातांनी कॉल करेल असं धरलं, तर बटणावरून (मागे दोघे) ऑल-इन 81 टक्के वेळा विनाकॉल सुटतो. नऊ जणांच्या टेबलवर पहिल्या जागेवरून (मागे आठ) फक्त 43 टक्के वेळा. ब्लाइंडमध्ये कोण बसलंय तेही पाहावं. 15 ते 25 ब्लाइंडवाला खेळाडू सर्वांत सोयीचा, कारण त्याला हरल्यावर खोल खड्ड्यात जायचं नसतं. ज्याच्यासमोर चिप्सचा डोंगर आहे, किंवा ज्याच्याकडे आपल्याहून कमी उरल्या आहेत, त्याला ब्लफ करू नये. समोरासमोरच्या टेबलवर आपले पत्ते उचलण्याआधी डावीकडे नजर टाकावी. कुणी पत्ते आधीच टाकायच्या तयारीत धरलेले असतात.

एक चूक सर्रास दिसते. आठ ब्लाइंडपैकी अडीच घालून रेज करायची (पैज वाढवायची) आणि कुणी ऑल-इन केला की फोल्ड. यात जवळजवळ तिसरा हिस्सा जातो आणि धाकही बसत नाही. दहाच्या खाली असताना ब्लफ करायचा तर सगळ्याच चिप्स लावाव्यात.

12 ते 18 ब्लाइंड असतील तर री-स्टील, म्हणजे दुसऱ्याच्या रेजवर आपला ऑल-इन, हे जास्त धारदार हत्यार आहे. कटऑफने (बटणाच्या लगेच आधीच्या जागेने) 2200 ची रेज केली, आपण बटणावर 15,000 घेऊन आहोत. पॉटमध्ये 4700 आहेत. ऑल-इन केल्यावर त्याला 12,800 आणखी मोजावे लागतात आणि 39 टक्के जिंकणारा हात लागतो. शेवटच्या जागांवरून सैल हातांनी रेज करणाऱ्याकडे तो बऱ्याचदा नसतो. हाच ऑल-इन पहिल्या जागेवरून आलेल्या रेजवर करू नये, तिथे हात खरा असण्याची शक्यता मोठी.

बिग ब्लाइंडच्या जागेवर पाच-सात ब्लाइंड उरले असताना रेज करणारा नक्की कॉल करेल असं दिसलं, तर ‘स्टॉप-अँड-गो’ करता येतो: फक्त कॉल करायचा आणि फ्लॉप काहीही पडो, लगेच उरलेलं सगळं लावायचं. जोडी नसलेल्या हाताला फ्लॉपवर सुमारे दोन तृतीयांश वेळा काहीच जुळत नाही. पहिली पाळी आपली असेल तरच हे जमतं, आणि उरलेला स्टॅक पॉटच्या मानाने फारच लहान असेल तर तेव्हाही तो कॉल करतो.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर, ज्याला बबल म्हणतात, मधल्या स्टॅकवाले सर्वांत जास्त घाबरतात; तिथे ब्लफसाठीच्या हातांची श्रेणी वाढवावी. सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टूर्नामेंटची प्रवेशतिकिटं जिंकायच्या स्पर्धेत) मात्र सगळी तिकिटं सारखीच असतात. दहा तिकिटं, अकरा खेळाडू, आणि आपल्याहून लहान स्टॅकवर पुढच्या दोन हातांत ब्लाइंड येणार असेल, तर एक्का-राजा आला तरी पत्ते टाकून वाट पाहावी.