कान बंद करायचा की उघडा ठेवायचा?

पणजीच्या अठरा जून रस्त्यावर मोबाइलच्या कुठल्याही दुकानात शिरून 'व्यायामाला वापरायचे इअरफोन दाखवा' म्हटलं, की काउंटरवर चार-पाच खोकी येतात. खोक्यांवर 'डीप बास', '४० तास बॅटरी', 'आयपीएक्स५' असं काहीबाही छापलेलं असतं. दुकानदार बजेट विचारतो, रंग विचारतो. ते घालून तुम्ही जिममध्ये वजनं उचलणार, मिरामारच्या वाळूत धावणार की फोंड्याहून स्कूटरने पणजीला येणार, हे सहसा कोणी विचारत नाही. खरी निवड मात्र त्यावरच ठरते. आधी ठरवायचं ते एवढंच, की कानाची नळी बंद करायची आहे की उघडी ठेवायची आहे. बाकीचं सगळं त्यामागून येतं.

ही नळी पडद्यापर्यंत सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि सरळ नसते, जराशी नागमोडी असते. बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचीक. आतला भाग हाडाचा. जबड्याचा सांधा तिच्या अगदी पुढ्यात असल्यामुळे बोलताना, चावताना, धापा टाकताना तिचा आकार बदलत राहतो. दुकानात घट्ट बसलेला इअरफोन दहा मिनिटं धावल्यावर सुटतो तो यामुळेच. त्यात घामाने कातडी निसरडी होते ती वेगळीच. तेव्हा घेण्याआधी कानात घालून तोंड मोठं उघडा, खाली वाका, मान झटका. दुकानदार बघेल, बघू दे. दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असं नाही. उजवीकडे मध्यम रबर आणि डावीकडे लहान, असं झालं तरी काही बिघडत नाही. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढला की नळी बरीच सरळ होते आणि रबर नीट आत बसतं.

रबर नीट बसण्याला एवढं महत्त्व का, तर खर्जासाठी. इअरफोनमधला पडदा नखाएवढा. एवढ्याशा पडद्यातून ढोलकीचा घुमारा ऐकू येतो, कारण बंद नळीत उरलेली हवा जेमतेम एक-दोन घनसेंटिमीटर असते आणि तेवढी दाबायला तो पुरेसा पडतो. बारीकशी फट राहिली, की खर्जाचा दाब तिथून निसटतो. गाणं पिचकं वाटायला लागतं, आपण 'बास नाही' म्हणत आवाज वाढवतो, आणि वाढतात ते मधल्या पट्टीतले सूर, ज्यांना आपला कान मुळातच सर्वांत जास्त संवेदनशील असतो. माझं मत विचाराल तर दोन हजारांच्या इअरफोनवरून पाच हजारांच्या इअरफोनवर जाण्याआधी वेगळ्या मापाचं रबर लावून बघावं.

पण नळी घट्ट बंद केली, की दुसरंच एक लचांड सुरू होतं. दोन्ही कानांत बोटं घाला आणि जिना उतरून बघा. प्रत्येक पायरीला डोक्यात 'धप्' असा आवाज घुमेल. पाऊल पडताना बसणारा हादरा हाडांमधून कवटीपर्यंत येतो आणि नळीच्या भिंती थरथरवतो. कान उघडा असेल तर ही खर्जातली थरथर बाहेर निघून जाते. बंद असेल तर आतच कोंडते आणि खालच्या पट्टीत २० डेसिबलपर्यंत वाढू शकते. चावण्याचा, श्वासाचा, वायर असेल तर तिच्या घासण्याचा आवाजही असाच फुगतो. वजनं उचलताना याचा फारसा त्रास होत नाही, पाय जागेवर असतात. तिथे घट्ट रबराचा इअरफोन उत्तम, कारण जिमचा गोंगाट बाहेर राहतो आणि कमी आवाजात भागतं. धावणाऱ्याला मात्र प्रत्येक पाऊल कानात आदळत राहतं. त्याच्यासाठी कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा, किंवा कानावर आकडा अडकवून नळी मोकळी सोडणारा प्रकार बरा. खर्ज कमी मिळेल, हे धरून चालायचं.

नळी उघडी ठेवण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते रस्त्यावर कळतं. सकाळी गावातल्या अरुंद रस्त्यावर मागून पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून पोंय पोंय करत येतो, तेव्हा तो डावीकडून येतोय की उजवीकडून, हे मेंदू दोन कानांत आवाज पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ओळखतो. हा फरक जास्तीत जास्त साधारण ०.७ मिलिसेकंदाचा असतो. पण पुढून की मागून, हे त्यातून कळत नाही. ते काम बाहेरच्या कानाच्या वळ्या करतात: समोरून आणि मागून येणारा आवाज त्या वेगवेगळ्या तऱ्हेने वळवतात. इअरफोनने भोक बुजवलं की ही खूण पुसली जाते. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने आत सोडणारी सोय हल्ली पुष्कळ इअरफोनांत असते, पण मायक्रोफोन बाहेरच्या अंगाला असतो, नळीच्या तोंडाशी नव्हे. हॉर्न ऐकू येतो, दिशा धड लागत नाही. एकाच कानात इअरफोन घालणाऱ्यांची गत याहून वेगळी नाही. दिशा ओळखायला दोन्ही कान मोकळे लागतात.

गालाच्या हाडावर टेकवायचे, हाडातून ऐकवणारे हेडफोन इथे कामाला येतात, नळी पूर्ण मोकळी राहते. सायकलवाल्यांना मी तेच सांगतो. मात्र त्याने कान सुरक्षित राहतो, ही समजूत काढून टाकावी. हाडातून आलेला आवाजही शेवटी आतल्या कानातल्या त्याच नाजूक पेशींपर्यंत जातो. वाजवाल तेवढं त्यांना सोसावं लागतं.

स्कूटर-मोटरसायकलची गोष्ट निराळी. लोकांना वाटतं, हेल्मेट घातलं की वारा बंद. प्रत्यक्षात हेल्मेटच्या खालच्या कडेवरच हवा घुसळते आणि तिथूनच घोंगावते. ताशी ६० किलोमीटरला हेल्मेटच्या आत सुमारे ९० डेसिबल आणि ताशी १०० ला १०० डेसिबलच्या आसपास आवाज असतो. कामाच्या ठिकाणासाठी सर्रास वापरला जाणारा हिशेब असा: ८५ डेसिबल रोज ८ तास चालेल, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ९१ ला २ तास, १०० ला १५ मिनिटं. हा झाला नुसत्या वाऱ्याचा हिशेब. गाणं ऐकू यायचं तर ते याच्याही वर वाजवावं लागतं.

मग आवाज खोडून काढणारे इअरफोन का नकोत? ते बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपतात आणि त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडतात. विमानाच्या एकसुरी घरघरीवर हे छान चालतं. पण वारा मायक्रोफोनवरच आदळतो, तेव्हा मायक्रोफोन जे 'ऐकतो' ते कानात पोचलेलंच नसतं. जे नाही ते खोडण्याच्या भानगडीत नवीनच खरखर तयार होते. शिवाय फार्मागुढीचा उतार उतरताना वळणावर कदंब बस केव्हा हॉर्न देईल आणि पावसाळ्यात रस्त्याच्या मधोमध कुठली गाय रवंथ करत बसली असेल, याचा नेम नसतो. दुचाकी चालवताना माझ्या मते कानात काहीच नसावं. रस्ता विचारायचा असेल तर बाजूला थांबावं.

आता खोक्यावरच्या 'आयपीएक्स'कडे. आयपी हा धूळ आणि पाणी यांपासूनच्या संरक्षणाचा दर्जा. यातला एक्स धुळीच्या आकड्याच्या जागी आहे. धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ४ म्हणजे शिंतोडे, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ असला म्हणजे ५ ची धारही सोसेल, असं गृहीत धरता येत नाही. आणि या चाचण्या साध्या पाण्यात होतात. घाम खारा, मिरामारचा वारा खारा. सगळ्यात आधी मरतात त्या चार्जिंगच्या पितळी टिकल्या: त्यांवर मिठाचं पाणी राहिलं आणि इअरफोन तसाच डबीत ठेवला, की विजेचा दाब मिळताच धातू गंजू लागतो. टिकलीवर हिरवट पापुद्रा दिसला तर हेच चाललंय. डबीला बहुधा पाण्याचं संरक्षण नसतंच. तेव्हा व्यायाम झाल्यावर ओलसर फडक्याने मीठ पुसा, मग कोरड्या फडक्याने टिपा, थोडा वेळ उघड्यावर ठेवा आणि मगच डबीत टाका. स्कूटरच्या डिकीत, उन्हात, मुळीच ठेवू नका. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते.

जी काळजी यंत्राची, तीच कानाची. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि जंतूंना अटकाव करतो. दमट हवा, घाम आणि वर तासभर रबराचं बूच, यांत तो अटकाव ढिला पडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कानात बुरशी धरण्याला अगदी सोयीचा काळ. खाज, दडा बसल्यासारखं वाटणं, पाणी येणं, यांपैकी काही झालं तर इअरफोन बंद करून कानाच्या डॉक्टरकडे जावं. कापसाच्या काडीने कोरू नये, मळ आणखी आत जातो. रबरं काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत, पूर्ण सुकवावीत आणि आपले इअरफोन कोणाला देऊ नयेत.

किनाऱ्यावर धावताना गाणं मधेच तुटतं आणि घरी तेच इअरफोन सुरळीत चालतात, अशी तक्रार बरेच जण करतात. यात बिघाड काही नसतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. घरात त्या भिंतींवरून उलटून, शरीराला वळसा घालून कानापर्यंत पोचतात. मिरामारला भिंतीच नाहीत. मागच्या खिशातला फोन दंडावर बांधला की बहुतेक वेळा काम होतं.