कथलाची दौत आणि मायफळाची शाई

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधल्या कचेऱ्यांच्या मेजांवर असणारी प्युटरची, म्हणजे मुख्यतः कथील असलेल्या मिश्रधातूची, दौत बहुधा बुटकी, रुंद बुडाची आणि हाताला चांगलीच जड लागणारी असे. कोपराचा धक्का लागून ती कलंडू नये, हा त्या घडणीचा उघड हेतू होता. धातूची निवड समजून घ्यायची तर मात्र आधी आतली शाई पाहिली पाहिजे.

ओक वृक्षावर गांधीलमाशीच्या जातीचा एक बारीक कीटक अंडी घालतो, तेव्हा तिथे कडक गाठ धरते. हीच गाठ आपल्याकडे मायफळ म्हणून बाळगुटीत उगाळली जाते. तिच्या काढ्यात हिराकस आणि डिंक मिसळला की शाई तयार होई. काढ्यातले टॅनिन आणि हिराकशीतले लोह यांचे संयुग ताजेपणी फिके असते आणि कागदावर हवेतला ऑक्सिजन मिळाल्यावर काळे पडते. हेच दौतीत घडले तर तळाला गाळ साचतो, म्हणून दौतीचे तोंड लहान आणि त्यावर झाकण.

शिवाय ही शाई आम्लधर्मी असते. ती लोखंड गंजवते आणि कालांतराने कागदही पोखरते. प्युटरमध्ये साधारण 85 ते 99 टक्के कथील असते आणि कडकपणासाठी त्यात तांबे किंवा अँटिमनी घालतात. तांब्यापितळेच्या भांड्यांना आंबटापासून वाचवणारी कल्हई म्हणजे हेच कथील. तरीही शाईतले ऑक्सिडीभूत लोह कथलालाही हळूहळू खाते, त्यामुळे पुष्कळ दौतींच्या आत चिनी मातीची किंवा काचेची वाटी बसवलेली आढळते. प्युटरच्या दौतीत खरे काम ही वाटीच करी, असे मला वाटते. मोडी कागदांवरची काजळाची शाई या बाबतीत निरुपद्रवी, कारण काजळातला कार्बन धातूच्या वाटेला जात नाही.

दौतीशेजारी वाळूची डबी असे. लिहिण्याआधी खरवडलेल्या कागदावर समुद्रफेसाची भुकटी चोळत, म्हणजे शाई फुटत नसे. लिहून झाल्यावर ओल्या अक्षरांवर बारीक वाळू भुरभुरत. अशा कित्येक डब्यांचे सच्छिद्र झाकण बशीसारखे खोलगट असते, कारण कागद दुमडून त्यावरची वाळू पुन्हा त्याच भोकांतून आत ओतायची असे.