जुन्या लिनक्स हँडहेल्डवरील रेट्रो संगणक एम्युलेशन

१९८०च्या दशकातले घरगुती संगणक आज चालू स्थितीत क्वचितच सापडतात. त्यांची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. असा एम्युलेटर लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर चालणाऱ्या आणि आता बाजारातून बाद झालेल्या हातात मावणाऱ्या उपकरणावर चालवणे, ही संगणकप्रेमींची एक चिवट हौस आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच असते, पण या हौसेत ते सहसा मोजत नाहीत. इथे येतात ती साधारण २००१ ते २०१० या काळातली, टर्मिनल (आज्ञा टंकण्याची खिडकी) उघडून आत हात घालता येईल अशी यंत्रे.

यांत जपानी शार्प कंपनीच्या झॉरस मालिकेचा मान पहिला. २००२ साली आलेल्या झॉरस एसएल-५५०० मध्ये २०६ मेगाहर्ट्झचा स्ट्राँगएआरएम प्रोसेसर आणि ६४ मेगाबाइट स्मृती होती, तर खालची पट्टी सरकवली की छोटा कीबोर्ड बाहेर येई. पुढच्या सी-७०० पासून घडीचा आकार आणि ६४० × ४८० चा सुरेख पडदा आला. दक्षिण कोरियातून २००५ साली निघालेला जीपी२एक्स हा खेळांसाठीचा संच होता आणि तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चाले. त्याच वर्षी नोकियाने ७७० हा टॅब्लेट आणला. त्यामागून एन८००, एन८१० आणि शेवटी २००९चा एन९०० आला. २०१०चा पँडोरा तर हौशी मंडळींनीच आखलेला होता. त्यात पूर्ण कीबोर्ड आणि खेळाची बटणे दोन्ही होती.

कोणता जुना संगणक यांपैकी कशावर नीट चालेल, हे निव्वळ मेगाहर्ट्झ पाहून ठरवले की फसगत होते. गणित मात्र तिथूनच सुरू करावे लागते. सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकातला झेड८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३५ लाख ठोक्यांनी चाले. म्हणजे त्याच्या प्रत्येक ठोक्यामागे एसएल-५५०० ला सुमारे ५९ ठोके मिळतात. झेड८० ची सर्वांत छोटी आज्ञा चार ठोक्यांची असते. ती वाचणे, ओळखणे, तिचे काम करणे आणि फ्लॅग (निकालाच्या खुणा) बदलणे या सगळ्याला मिळून साधारण २३५ ठोके हाताशी उरतात. एवढ्यात काम आरामात होते, चित्र रंगवायलाही वेळ राहतो. कमोडोर कंपनीच्या अमिगा ५०० या संगणकातला ६८००० प्रोसेसर मात्र ७.०९ मेगाहर्ट्झचा. तिथे वाट्याला जेमतेम २९ ठोके येतात, आणि त्यातच चित्र, आवाज व स्मृतीची वाहतूक सांभाळणाऱ्या तीन खास चिपांचेही सोंग आणायचे असते. म्हणूनच यूएई या मूळ अमिगा एम्युलेटरची काटछाट करून यूएई४ऑल ही हलकी आवृत्ती निघाली. सायक्लोनसारखे गाभे, म्हणजे ६८००० ची नक्कल करणारे भाग, तर थेट एआरएम असेंब्लीत, म्हणजे या हँडहेल्डच्या प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, लिहिले गेले. इतके करूनही अधूनमधून फ्रेम (एकामागून एक येणारी चित्रे) गाळाव्या लागतात.

वेगाइतकेच महत्त्व पडद्याच्या मापाला आहे, आणि या विषयातली खरी गंमत इथेच आहे. स्पेक्ट्रमचे चित्र २५६ × १९२ ठिपक्यांचे असते. ३२० × २४० च्या पडद्यावर ते मधोमध ठेवले की डावी-उजवीकडे ३२ आणि वर-खाली २४ ठिपक्यांची किनार उरते. टीव्हीवर दिसणारी रंगीत बॉर्डर नेमकी तिथे बसते, चित्र ताणावे लागत नाही. जीपी२एक्सवर हे आपसूक जमते. एसएल-५५०० चा पडदा मात्र उभा असतो. २४० च्या रुंदीत २५६ ठिपके मावत नाहीत, म्हणून चित्र आडवे फिरवावे लागते. मग ते नीट दिसते, पण कीबोर्ड बाजूला उभा राहतो आणि टंकलेखनाचे बारा वाजतात. नोकियाच्या ७७० वर ८०० × ४८० चा पूर्ण पडदा दर फ्रेमला नव्याने भरणे जड जाई. तिथे पिक्सेल डबलिंगची सोय कामी आली. एम्युलेटरने ४०० × २४० चे चित्र तयार करायचे आणि दुप्पट करण्याचे काम पडद्याच्या कंट्रोलरवर सोडायचे. अमिगाचे युरोपीय पद्धतीचे चित्र २५६ ओळींचे असते. २४० ओळींच्या पडद्यावर त्यातल्या १६ ओळी कापल्याच जातात.

आवाजाचे दुखणे वेगळे. स्ट्राँगएआरएम, नंतरच्या झॉरसमधला एक्सस्केल आणि जीपी२एक्समधला एआरएम९२० यांपैकी कुणाकडेही दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग नव्हता. प्रोग्राममध्ये तशी आज्ञा आली की प्रोसेसर अडखळे, काम कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) जाई आणि कर्नल ते सॉफ्टवेअरने करून परत देई. आवाजाच्या फिल्टरमध्ये असे हजारो गुणाकार आले की वेग कोसळतो. म्हणून या यंत्रांसाठीच्या आवृत्त्यांत शक्यतो पूर्णांकांवरच भागवतात. कमोडोर ६४ या संगणकासाठीच्या व्हाइस या एम्युलेटरमध्ये सिड या आवाजाच्या चिपची एक अचूक आणि एक कामचलाऊ नक्कल असते. हँडहेल्डवर दुसरीच निवडलेली बरी. शिवाय कमोडोरच्या १५४१ डिस्क ड्राइव्हमध्ये स्वतंत्र प्रोसेसर असल्याने ‘खरा ड्राइव्ह’ हा पर्याय चालू ठेवला की एकाऐवजी दोन प्रोसेसरची नक्कल करावी लागते.

कॅसेटच्या बाबतीत एम्युलेटर उलट वेळ वाचवतात. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये (कायम कोरलेल्या मूळ प्रोग्राममध्ये) टेप वाचणारी उपक्रिया ठरलेल्या पत्त्यावर आहे. प्रोग्राम तिथे पोचला की एम्युलेटर त्याला मधेच थांबवून टॅप फाइलमधला (कॅसेटच्या प्रतीतला) मजकूर थेट स्मृतीत टाकतो, आणि मिनिटांचे लोडिंग क्षणात उरकते. टेप वाचणारे स्वतःचे वेगळे लोडर वापरणाऱ्या खेळांना ही युक्ती लागू पडत नाही. त्यांच्यासाठी टेपवरचे संकेत तपशीलवार नोंदवणारी टीझेडएक्स फाइल लागते आणि वाट पाहणेही आले.

कीबोर्ड नसलेल्या यंत्रांवर पडद्यावरचा कीबोर्ड वापरतात. खेळापुरता तो पुरतो, बेसिक भाषेत प्रोग्राम लिहायला नाही. स्पेक्ट्रमवर एकेका कळीत चार-पाच शब्द दडलेले असत आणि ‘पी’ दाबले की अख्खा ‘प्रिंट’ उमटे. हे ठाऊक नसलेला माणूस एम्युलेटरच बिघडला असे समजतो.

बहुतेक एम्युलेटर एसडीएल या लायब्ररीवर (चित्र, आवाज आणि कळा हाताळणाऱ्या तयार कोडच्या संचावर) बेतलेले असल्याने नव्या यंत्रावर नेणे तुलनेने सोपे जाते. अडचण येते ती तयार प्रोग्रामांची. एआरएम लिनक्सने मध्यंतरी प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातला जुना करार सोडून ईएबीआय हा नवा स्वीकारला, त्यामुळे जुन्या झॉरससाठी बांधलेली बायनरी (तयार प्रोग्राम-फाइल) नव्या प्रणालीवर थेट चालेलच असे नाही. ज्या यंत्रावर चालवायचे त्याला साजेशा साधनसाखळीने (कंपायलर व जोडीच्या साधनांनी) दुसऱ्या संगणकावर पुन्हा बांधणे, म्हणजे क्रॉस-कंपाइल करणे, हाच खात्रीचा मार्ग.

यंत्राची निगा हेही कामच आहे. एसएल-५५०० आपल्या फाइली मुख्यतः रॅममध्ये ठेवी, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली की सगळे पुसले जाई. एम्युलेटर आणि डिस्कप्रतिमा कार्डावर ठेवणेच शहाणपणाचे. कार्डही जुनेच हवे, कारण २००६ नंतरचे जास्त क्षमतेचे एसडीएचसी प्रकार त्या काळच्या ड्रायव्हरना ओळखता येत नाहीत. फुगलेली लिथियम बॅटरी मात्र दाबून बसवू नये, ती बदलावीच. एन९०० चे नशीब यात चांगले: त्याच्यावर पोस्टमार्केटओएस आणि मेमो लेस्टे या नव्या प्रणाली चालतात.

रॉमच्या हक्कांची बाब प्रत्येक संगणकागणिक निराळी आहे. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्रॅडने स्पेक्ट्रमचे रॉम एम्युलेटरसोबत वाटायला १९९९ साली परवानगी दिली, हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. अटारी एसटी या संगणकासाठी इमूटॉस हा मूळ रॉमचा मुक्त पर्याय आहे. अमिगाचे किकस्टार्ट रॉम विकत घ्यावे लागते, किंवा अ‍ॅरोस प्रकल्पाच्या पर्यायी रॉमवर काम भागवावे लागते. त्यावर सगळेच खेळ चालतात असे नाही.