आदानदाबावर आधारित प्रज्वलनवेळ-बदल (मोटारसायकल)

मोटारसायकलीच्या सिलिंडरात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, हे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर आदाननळीतील (सिलिंडरात हवा नेणाऱ्या नळीतील) निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब पाहून ठरवणे आणि कारखान्यातून आलेली वेळ त्यानुसार बदलणे, अशी ही पद्धत आहे. हा दाब मोजणाऱ्या संवेदकाला एमएपी सेन्सर म्हणतात, तर गॅरेजमध्ये या साऱ्या कामाला नुसते ‘टायमिंग’ म्हटले जाते.

पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन सर्वांत वर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. हे अंतर क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) अंशांत मोजतात व त्याला अॅडव्हान्स म्हणतात. पिस्टन वरच्या टोकावरून साधारण 12 ते 16 अंश खाली आल्यावर सिलिंडरातील दाब कमाल व्हावा, असा प्रयत्न असतो. थ्रॉटल थोडेच उघडलेले असते तेव्हा आत आलेले मिश्रण विरळ असते, त्यात मागच्या आवर्तनातील जळलेल्या वायूचे प्रमाण अधिक असते आणि ज्योत सावकाश पसरते. त्यामुळे ठिणगी लवकर हवी. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर मिश्रण दाट होते, ते वेगाने जळते आणि तेवढाच अॅडव्हान्स ठेवला तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा उरलेला भाग आपोआप एकदम पेटून होणारा ठोका, सुरू होते. 6,000 फेऱ्यांवर क्रँकचा एक अंश अवघ्या 28 मायक्रोसेकंदांत सरतो, यावरून या हिशेबाचा बारकावा लक्षात यावा.

जुन्या मोटारगाड्यांच्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) आदाननळीतील निर्वाताने पडदा ओढून हेच काम होत असे. भारतातील बहुतेक मोटारसायकलींना मात्र ती सोय नव्हती; आधी पॉइंट (ठिणगीचा यांत्रिक स्विच) व फेऱ्यांबरोबर बाहेर सरकणारी केंद्रोत्सारी वजने, पुढे फक्त फेऱ्या ओळखणारा सीडीआय हा ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक संच, अशी वाटचाल झाली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानके लागू झाल्यावर इंधन-अंतःक्षेपण (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणारी व्यवस्था) बहुतेक गाड्यांत आले आणि हा सेन्सर साध्या गाडीतही दिसू लागला.

थ्रॉटल किती उघडले यावरून भार ओळखता येईल असे वाटते, पण तो अंदाज अपुरा ठरतो. कमी फेऱ्यांवर पाव थ्रॉटलमध्येच नळीतील दाब वातावरणाजवळ जातो, तर जास्त फेऱ्यांवर तेवढ्याच उघडीपीत तो बराच कमी राहतो. सिलिंडरात प्रत्यक्ष किती हवा भरली याच्या अधिक जवळ जाणारे माप दाबाचे आहे. थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडे असताना मात्र दाबाचे आकडे एकमेकांत मिसळून जातात आणि तेथे थ्रॉटलच्या स्थितीचाच आधार घेणे योग्य ठरते.

एकसिलिंडर इंजिनात खरी अडचण दाब मोजण्याची आहे. दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढली जात असल्याने नळीतील दाब प्रत्येक आवर्तनात खाली जातो व पुन्हा वातावरणाएवढा होऊ लागतो. म्हणून क्रँकच्या ठरावीक कोनावरील किंवा आवर्तनातील किमान दाबच घ्यावा लागतो. हीच चढउतार एका अर्थी उपयोगाचीही आहे, कारण कॅमवर वेगळा सेन्सर नसलेल्या इंजिनात पिस्टन आदान-धावेवर आहे की शक्ती-धावेवर, हे तिच्यावरूनच ओळखता येते. जुन्या कार्ब्युरेटर गाडीला सेन्सर जोडताना नळी आखूड ठेवावी व सेन्सर वरच्या बाजूस बसवावा, नाहीतर नळीत पेट्रोल साचून वाचन मंदावते. टर्बोसाठीचा 20 ते 250 किलोपास्कल पल्ल्याचा सेन्सर साध्या इंजिनाला लावल्यास त्याचा अर्ध्याहून अधिक पल्ला वाया जातो.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच असल्याने येथे वातावरणाचा दाब 97 किलोपास्कलच्या आसपास असतो. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवल्यावर सेन्सरने याच्या जवळचा आकडा दाखवला पाहिजे. तो 85 दाखवत असेल तर कोणत्या फेऱ्यांना व दाबाला किती अॅडव्हान्स हे सांगणाऱ्या तक्त्याला हात लावण्याआधी सेन्सर आणि त्याची वायर तपासावी. परतवाड्याहून घाट चढून सुमारे 1,100 मीटरवरील चिखलदऱ्याला गेल्यावर हाच दाब 89 च्या आसपास येतो व दाबावर चालणारा तक्ता आपोआप थोडा अधिक अॅडव्हान्स देतो, जे फक्त फेऱ्या पाहणाऱ्या सीडीआयला जमत नाही. उन्हाळ्याचा प्रश्न याहून अवघड आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तर हिवाळ्यातील पहाटे तो 10 अंशांपर्यंत उतरतो. दाब तोच असूनही या दोन टोकांमध्ये हवेच्या घनतेत सुमारे 11 टक्क्यांचा फरक पडतो आणि तापलेली हवा नॉकिंगला लवकर बळी पडते. म्हणून डिसेंबरात जुळवलेला तक्ता हवेच्या तापमानाची दुरुस्ती न घालता मेमध्ये वापरणे धोक्याचे आहे. वर्धा रोडवर भर दुपारी दोघांना घेऊन चाललेली एअर-कूल्ड गाडी ही त्या तक्त्याची खरी परीक्षा असते.

बदल करण्याचे मार्ग तीन आहेत: मूळ ईसीयूतील (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकातील) तक्ता नव्याने लिहिणे, क्रँक सेन्सरच्या संकेतात मध्येच फेरफार करणारे जोडयंत्र बसवणे, किंवा मेगास्क्वर्ट, स्पीडुइनो यांसारखा स्वतंत्र ईसीयू लावणे. चौथा मार्ग अनेकजण सुचवतात, तो म्हणजे एमएपी सेन्सरच्या तारेत रोधक टाकून वाचन खोटे करणे. तो स्वस्त असला तरी सर्वथा टाळावा. बहुतेक अंतःक्षेपित गाड्यांत त्याच वाचनावरून इंधनही मोजले जाते. दाब खरा असतो त्यापेक्षा कमी दाखवला की ईसीयू ठिणगी लवकर पाडतो आणि त्याच वेळी पेट्रोल कमी सोडतो. भाराखाली लवकर ठिणगी व पेट्रोल कमी असलेले मिश्रण एकत्र आले की पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला फार वेळ लागत नाही. ठिणगी बदलायची असेल तर ती तक्त्यातच, दाबाचे खरे वाचन अबाधित ठेवून बदलावी.

तक्त्यात लिहिलेला अंश आणि प्रत्यक्ष पडणारी ठिणगी एकच आहेत का, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी अॅडव्हान्स एका आकड्यावर स्थिर करून मॅग्नेटच्या रोटरवरील ‘टी’ (पिस्टन सर्वांत वर) व ‘एफ’ (ठिणगीची वेळ) खुणांवर टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, धरतात. त्यानंतरचे बदल एका वेळी एक-दोन अंशांचेच असावेत. शक्ती वाढणे थांबले की तेथेच थांबावे. नॉकिंग ऐकू येईपर्यंत पुढे जाणे चुकीचे आहे, कारण वाऱ्याच्या व सायलेन्सरच्या आवाजात ते उशिरा कळते. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलेनवर दिसणारे अॅल्युमिनियमचे बारीक कण हे पिस्टनला इजा होऊ लागल्याचे लक्षण आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत. पीयूसी चाचणीत पेट्रोल दुचाकीचा धूर आयडलिंगवर तपासला जातो. त्यामुळे भाराखालील चुकीचा अॅडव्हान्स त्या प्रमाणपत्रातून कळत नाही.