आधी सुरक्षितता, मग क्षमा : ख्रिस्ती समुपदेशनामागचा इतिहास

घरातच मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती समोर आली, तर ख्रिस्ती श्रद्धेतून काम करणारा आजचा प्रशिक्षित थेरपिस्ट पहिल्या भेटीत क्षमेचा विषय काढत नाही. अत्याचार करणारा अजून त्याच घरात राहतो का, रात्री निर्धास्त झोपता येतं का, मुलं कुठे आहेत, हे तो आधी विचारतो. ज्या धर्माच्या रोजच्या प्रार्थनेतच क्षमा आहे, तिथे हा क्रम रुजायला बराच काळ गेला आणि वादही पुष्कळ झाले.

अख्खं कुटुंब समोर बसवून बोलण्याची रीत मात्र जुनी आहे. 17व्या शतकात इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रिचर्ड बॅक्स्टर आठवड्यातले दोन दिवस त्यासाठी राखून ठेवत. ते आणि त्यांचे सहायक मिळून आठवड्याला 14 कुटुंबांना भेटत. हेतू धर्मशिक्षणाचा होता. घरातल्यांचं म्हणणं पाळकाच्या कानावर पडे, पण उत्तर त्याच्यापाशी आधीच तयार असे. ही खोड पुढे फार दिवस टिकली.

मानसशास्त्राशी गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. बोस्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये 1906 साली एलवुड वूस्टर यांनी डॉक्टरांना सोबत घेऊन मनोरुग्णांसाठी उपक्रम सुरू केला. झुरिकचे पाळक ऑस्कर फिस्टर यांची तर मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडशी 1909 पासून तीस वर्षं मैत्री होती. धर्म हा भ्रम आहे, असं फ्रॉइडने 1927 साली लिहिलं. फिस्टरनी पुढच्याच वर्षी त्याला जाहीर उत्तर दिलं, आणि मैत्री तरीही टिकली.

खरं वळण दिलं अँटन बॉइसन यांनी. ते स्वतः पाळक. 1920 साली त्यांना तीव्र मानसिक आजाराने गाठलं आणि वर्षाहून अधिक काळ मनोरुग्णालयात काढावा लागला. त्या आजारात नुसती विकृती नव्हती, अर्थाची धडपडही होती, असं त्यांचं ठाम मत झालं. बरे झाल्यावर 1924 साली ते मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातल्या मनोरुग्णालयाचे धर्मगुरू झाले. 1925 च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे नेले आणि त्यांना वॉर्डात सेवकाचं काम करायला लावलं. ग्रंथ वाचतो तितक्याच बारकाईने माणूस वाचायला शिका, असा त्यांचा आग्रह होता. रुग्णालयांतल्या पाळकांचं आजचं प्रशिक्षण याच प्रयोगातून उभं राहिलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच. बॅक्स्टरपासून चालत आलेलं तयार उत्तर इथे पहिल्यांदा बाजूला ठेवलं गेलं.

तरी ते परत आलंच. 1970 साली अमेरिकी पाळक जे अ‍ॅडम्स यांनी मानसशास्त्राला चर्चच्या दाराबाहेर काढायची हाक दिली. शारीरिक आजार सोडला तर माणसाच्या बहुतेक अडचणींचं मूळ पापात आहे आणि बायबल त्यावर पुरेसं आहे, अशी त्यांची मांडणी होती. उलट, कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीने, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेने, 1965 सालीच मानसशास्त्राचं स्वतंत्र विद्यालय काढून दोन्ही विद्या एकत्र शिकवायला घेतल्या होत्या. पापाची भाषा अत्याचार करणाऱ्याला लागू पडते. पण ज्याच्यावर अत्याचार झाला त्याच्याच माथी ती मारली, की जखमेवर मीठ चोळलं जातं. मार खाणाऱ्या बायकांना बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातलं घटस्फोटाचा तिटकारा सांगणारं वचन ऐकवलं जाई. त्याच वचनात पुढे हिंसेचाही धिक्कार आहे, तो मात्र सोयीने गळे.

दरम्यान बाहेरच्या जगात दोन गोष्टी घडत होत्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी 1950 च्या दशकात रुग्णासोबत त्याच्या घरच्यांनाही रुग्णालयात ठेवून अभ्यास केला, आणि एकाचा आजार म्हणजे अनेकदा घरभरच्या ताणाचं दृश्य टोक असतं असं मांडलं. एडविन फ्रीडमन या ज्यू धर्मगुरूंनी 1985 साली हा विचार चर्च आणि सिनेगॉग या ज्यू प्रार्थनास्थळापर्यंत आणला. दुसरीकडे, 1980 साली अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत पीटीएसडीची, म्हणजे भीषण आघातानंतर मागे उरणाऱ्या मानसिक विकाराची, नोंद झाली. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 साली उपचारांचा क्रम सांगितला : आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा जगाशी नातं.

ख्रिस्ती थेरपिस्टांना हा क्रम स्वीकारताना घरचंच धन कामी आलं. बायबलमधलं 88वं स्तोत्र आक्रोशात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. समजूत घालणारी एकही ओळ शेवटी जोडलेली नाही. शोकाला घाई करू नये, याला याहून मोठा आधार कुठला हवा? क्षमेचाही नव्याने अभ्यास झाला. रॉबर्ट एनराइट आणि एव्हरेट वर्दिंग्टन या संशोधकांनी क्षमा आणि समेट यांत स्पष्ट फरक केला. वर्दिंग्टन यांच्या आईचा खून झाला होता, त्यामुळे त्यांचं लिखाण पुस्तकी वाटत नाही. राग सोडता येतो आणि तरीही त्या माणसाला दाराशी उभं न करण्याचा हक्क राहतो, हे विशेषतः कौटुंबिक समुपदेशनात फार महत्त्वाचं ठरलं. नवरा मारत असताना जोडप्याला एकत्र बसवणं धोक्याचं असतं. तिथे बोललेल्याची किंमत बाई घरी गेल्यावर मोजते.

2002 साली बोस्टनमधल्या वृत्तपत्रीय शोधाने कॅथलिक धर्मगुरूंचे अत्याचार आणि ते झाकण्याची पद्धत उघडी पाडली, आणि चर्च हेच आघाताचं ठिकाण असू शकतं हे मान्य करावं लागलं. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा थेरपिस्ट आज प्रार्थना करायची का, हे समोरच्यालाच ठरवू देतो. गुप्ततेचा प्रश्न अजून धगधगता आहे. कॅथलिक धर्मकायद्यानुसार धर्मगुरूपुढे दिलेल्या पापांच्या कबुलीजबाबाची गुप्तता कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. थेरपिस्टला मात्र, मूल धोक्यात असेल तर, अनेक देशांत कायद्याने ते कळवावंच लागतं.