खांद्यावरचा हात रक्तात कसा उतरतो

पूर ओसरला, दंगल शमली, वस्ती जळून गेली, की मोठी माणसं एकमेकांना धीर देताना हमखास म्हणतात, "पोरांचं काय, तरुण रक्त आहे, विसरतील." जोडीला आणखी एक वाक्य असतंच, "काही जण मुळातच काटक असतात, काही हळवे." लहानपणापासून मी ही दोन्ही वाक्यं ऐकत आलोय. पहिलं चूक आहे आणि दुसरं जेमतेम अर्धं खरं आहे. तरुण शरीर सहज विसरत नाही. आणि काटकपणाचा मोठा वाटा बाहेरून येतो, एखाद्या माणसाच्या रूपात येतो. हा माणूस समोरच्याच्या शरीरात नेमकं काय करतो, या प्रश्नाने मला गेली काही वर्षं पछाडलंय.

हवाई बेटांमध्ये काउआई नावाचं एक बेट आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी तब्बल ४० वर्षं घेतला. वर्नर स्वतः जर्मनीत जन्मलेल्या, दुसऱ्या महायुद्धात बालपण गेलेल्या. काउआईच्या मुलांपैकी कुणी जपानी वंशाची, कुणी फिलिपिनो, कुणी मूळ हवाईयन. अनेकांचे आईबाप उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांवर राबणारे. ऊसतोड टोळ्यांबरोबर फडावर आलेली पोरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना वेगळं काही सांगायला नको. यातल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला जन्मापासून संकटांची रांग आली होती : गरिबी, अवघड बाळंतपण, घरात सतत भांडणं, कुणाच्या घरी दारू, कुणाच्या घरी मनाचा आजार. अशा मुलांपैकी दोन तृतीयांश मुलं अठराव्या वर्षापर्यंत कुठे ना कुठे अडखळली. उरलेली ७२ मात्र धडधाकट मनाची, कामाची, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली.

तोवरच्या संशोधनात बिघडलेल्या मुलांचं काय चुकलं, हेच प्रामुख्याने शोधलं जात होतं. वर्नरबाईंनी या ७२ जणांचं काय बरोबर झालं, ते विचारलं. काहींचा स्वभाव तान्हेपणापासूनच हसरा होता, हे खरं. पण त्यांच्या आयुष्यात कायम टिकून राहिलेलं, त्यांना आहे तसं स्वीकारणारं निदान एक मोठं माणूस होतं. आईवडील नसतील तर आजी-आजोबा, शेजारी, शिक्षक, युवक गटाचा कार्यकर्ता, चर्चमधले धर्मगुरू. अशा माणसांना मी पुढारी म्हणतो. पुढारी म्हटलं की आपल्याला व्यासपीठ आठवतं, हारतुरे आठवतात. मला इथे तालमीतला वस्ताद, अंगणवाडीच्या बाई, आशाताई, मशिदीतले मौलवी, मंडळाचा तो शांत कार्यकर्ता अभिप्रेत आहे.

आता शरीराकडे वळू.

धोका दिसला की काही सेकंदांत ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते. ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याच्या मागून एक संथ साखळी हलते. मेंदूच्या तळाशी असलेलं हायपोथॅलॅमस एक संदेशरसायन सोडतं, त्याला सीआरएच म्हणतात. ते खालच्या वाटाण्याएवढ्या पियुषिका ग्रंथीला उठवतं. ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल पाझरायला लागतं. तणाव सुरू झाल्यापासून साधारण २० ते ३० मिनिटांनी लाळेतलं कॉर्टिसॉल शिखर गाठतं. म्हणून संशोधकांना सुई टोचावी लागत नाही. कापसाचा बोळा चघळायला दिला की काम होतं.

कॉर्टिसॉल शत्रू नाही. ते रक्तात साखर वाढवतं, दाह आवरतं, सकाळी आपल्याला उठवतं. खरी गंमत त्याला थांबवण्यात आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो. पाणी चढलं की गोळा वर येतो आणि तोटी आपोआप बंद होते. मेंदूत हे काम हायपोथॅलॅमस आणि स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस हा भाग यांमधले ग्राही रेणू करतात. कॉर्टिसॉल त्यांना चिकटलं की निरोप वर जातो, "पुरे झालं." संकट आठवड्यानुआठवडे चाललं तर हा गोळा अडकतो आणि पाणी वाहत राहतं. फार लहान वयात फार मोठे आघात झाले असतील तर उलटंही होतं : तोटी जेमतेम उघडते, शरीर धोक्याला उत्तरच देईनासं होतं. अशा मुलाला बाहेरून पाहणारे "निगरगट्ट झालाय" म्हणतात. तो निगरगट्ट नसतो, त्याची यंत्रणा मंदावलेली असते.

आता या तोटीवर दुसरा माणूस हात कसा ठेवतो? प्रेअरी व्होल नावाचा उंदरासारखा एक प्राणी जन्माची जोडी करून राहतो. ॲडम स्मिथ आणि झुओशिन वांग यांनी २०१४ साली दाखवलं की तणाव दिलेल्या मादीला तिच्या जोडीदाराजवळ सोडलं तर तिचं तणाव-संप्रेरक एकटीपेक्षा बरंच खाली राहतं. त्या वेळी तिच्या हायपोथॅलॅमसच्या नेमक्या त्या पेशीसमूहात, जिथून सीआरएच सुटतं तिथेच, ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलं जाणारं संप्रेरक वाढलेलं असतं. आणि त्या जागी ऑक्सिटोसिनचे ग्राही रेणू औषधाने झाकले, तर जोडीदार शेजारी असूनही काही उपयोग होत नाही! सोबतीचा दिलासा साखळीच्या पहिल्याच कडीला जाऊन धरतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटायचं विसरलो होतो.

माणसांवर असे प्रयोग करायला जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठातली १९९३ सालची एक चाचणी वापरतात. अनोळखी, निर्विकार चेहऱ्याच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटं भाषण, मग पाच मिनिटं तोंडी गणित : १०२२ मधून १३ वजा करत जा, चुकलात की पुन्हा १०२२ पासून. कॉर्टिसॉल चढवायला एवढं पुरतं. अमेरिकेतल्या मेगन गुन्नार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाचणीचा मुलांना झेपेल असा प्रकार ९-१० वर्षांच्या आणि १५-१६ वर्षांच्या मुलांना दिला. तयारीच्या वेळी काहींजवळ आई किंवा बाबा बसले, काहींजवळ अनोळखी माणूस. लहान मुलांत पालक जवळ असताना कॉर्टिसॉल फारसं चढलंच नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांत मात्र पालक असले काय आणि नसले काय, फरक पडला नाही.

वयात येताना आईबापांची ही ढाल पातळ होते. त्यांचं प्रेम कमी झालेलं नसतं. मुलाचा मेंदू आता घराबाहेरच्या जगात आपली जागा शोधत असतो. नुसत्या दोस्तमंडळींनीही ती जागा भरत नाही, असं त्याच प्रयोगशाळेत दिसलं. माझा निष्कर्ष असा, की काउआईच्या शिक्षकांचं आणि गटाच्या कार्यकर्त्यांचं मोल याच वयात कळतं. स्थलांतरित घरात तर आईवडील स्वतःच नव्या भाषेपुढे, नव्या कचेऱ्यांपुढे बावरलेले असतात. फॉर्म भरायला, दवाखान्यात बोलायला ते पोरालाच पुढे करतात. अशा पोराला घराबाहेरचं, पण आपलं वाटणारं मोठं माणूस मिळालं तर त्याच्या रक्तातलं रसायन बदलू शकतं.

इथे थोडं थांबून दोन गोष्टी बोलायलाच हव्यात. संकटानंतर गप्प झालेल्या, रात्री दचकून उठणाऱ्या मुलाला "बाहेरची बाधा" म्हणून देवऋषाकडे नेलं जातं, तिथे धुरी दिली जाते, कधी मारहाणही होते. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे, तरी हे चालतं. ज्या मुलाची तणावाची साखळी आधीच ताणलेली आहे, त्याला आणखी भीती घालणं हा क्रूरपणा आहे. दुसरीकडे मोबाइलवर "कॉर्टिसॉल डिटॉक्स"च्या भुकट्या आणि गोळ्या विकल्या जातात. कॉर्टिसॉल हे साचलेलं विष नाही; ते धुऊन काढायचं नसतं. त्या भुकटीचे पैसे वाचवा.

संस्कृती आणि भाषेचा यात काय संबंध? बराच. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी सुमारे २०० आदिवासी समुदायांमधल्या तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला. एकूण प्रमाण भयंकर, पण निम्म्याहून अधिक समुदायांत अभ्यासाच्या वर्षांत एकही घटना नाही. फरक कुठे होता? आपल्या जमिनीच्या हक्कासाठी झगडणारे, शाळा, आरोग्यसेवा, सांस्कृतिक केंद्र स्वतः चालवणारे समुदाय तरुणांना सांभाळून होते. ही परस्परसंबंधाची आकडेवारी आहे, कारण सिद्ध करणारा प्रयोग नव्हे. तरी मला ती फार मोलाची वाटते, कारण औषधोपचाराच्या यादीत जमिनीचा हक्क कुणी लिहीत नाही.

भाषेचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गोव्यात १९९६ साली 'संगाथ' ही संस्था सुरू झाली; विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. दवाखान्यात येणारी माणसं "मला नैराश्य आहे" असं म्हणत नाहीत. झोप लागत नाही, अंग दुखतं, टेन्शन आलंय, असं सांगतात. संगाथने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी लोकांशी लोकांच्याच शब्दांत बोलायचं ठरवलं. गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली; तिचे निष्कर्ष २०१७ साली आले. नेहमीच्या उपचारांना या समुपदेशनाची जोड मिळाली तिथे ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के. सहा ते आठ भेटी, तेवढंच.

बोलण्याचंही एक तंत्र आहे. आघातानंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून "काय झालं ते सांगा" म्हणायची पद्धत एके काळी फार रुजली होती. एकाच बैठकीत असं सगळं उकरून काढण्याचा उपयोग होत नाही, उलट काहींना त्रासच होतो, असं पुढच्या परीक्षणांत दिसलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ सालच्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत तीनच गोष्टी आहेत : बघा, ऐका, जोडून द्या. कोण घाबरलंय ते बघा. सांगेल तेवढंच ऐका, खोदू नका. पाणी, पांघरूण, घरच्यांचा फोन, डॉक्टर, यांच्याशी जोडून द्या.

आणि कधीकधी शब्द लागतच नाहीत. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदींत ५१ माणसं मारली गेली. त्यांत अनेक देशांतून तिथे स्थायिक झालेली कुटुंबं होती, शाळकरी मुलंही होती. पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न डोक्यावर ओढणी घेऊन लोकांना भेटल्या, मुलांच्या शाळेतही गेल्या. पण माझ्या मनात घर करून राहिला तो विद्यार्थ्यांचा हाका. गेलेल्या सोबत्यांसाठी सगळ्या वंशांच्या मुलांनी एकत्र उभं राहून तिथल्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा, हा नृत्यप्रकार केला. एका लयीत पाय आपटण्याने काय होतं? ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंवर २०१० साली एक छोटा प्रयोग झाला. तेवढीच मेहनत एकट्याने केल्यावर आणि चमूने एका तालात केल्यावर, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून वेदना किती सोसते ते मोजलं. चमूत वल्ही मारल्यावर खेळाडूंनी जवळपास दुप्पट वेदना सोसली. संशोधकांच्या मते हे एंडॉर्फिनचं, म्हणजे मेंदूतल्या नैसर्गिक वेदनाशामकाचं काम. लेझमीच्या रांगेत किंवा वारीच्या पावलीत जो कधी उभा राहिलाय, त्याचे हातपाय याची साक्ष देतील.

मात्र हाका असो वा लेझीम, ती मुलांची स्वतःची हवी, किंवा त्यांनी आपलीशी केलेली हवी. संकटानंतरच्या मदत शिबिरातल्या बिहारी, कानडी, पारधी पोरांना रांगेत उभं करून आपलं गाणं म्हणायला लावलं तर ती पुन्हा ट्रियरची परीक्षाच होईल.

गुन्नार यांच्या गटाने २०१९ साली आणखी एक गोष्ट दाखवली. अनाथालयांत सुरुवातीची वर्षं काढून पुढे चांगल्या घरांत दत्तक गेलेल्या मुलांची ती मंदावलेली तोटी वयात येताना पुन्हा नीट चालू लागलेली दिसली. म्हणजे पौगंडावस्थेत ही यंत्रणा एकदा नव्याने जुळवली जाते, आणि भोवतालची माणसं तेव्हा कशी आहेत यानुसार जुळवली जाते. काउआईतल्या अडखळलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हे त्यामुळे मी पुन्हा काढून वाचलं. १८ व्या वर्षी ज्यांच्यावर ठपका होता, त्यांतले बहुतेक जण चाळिशीपर्यंत सावरले होते. कुणी पुन्हा कॉलेजात गेलं होतं, कुणाला स्थिर जोडीदार भेटला होता, कुणी एखाद्या धर्मसमुदायात मिसळून गेलं होतं. मधल्या काळात, १९९२ साली, इनिकी चक्रीवादळाने ते बेट अक्षरशः झोडपून काढलं होतं.