भविष्याची खात्री सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचा प्रत्यय नाही. आपण ‘येईल’, ‘होईल’ म्हणतो तिथे इंग्रजी ‘विल’ लावते, आणि हे ‘विल’ मुळात इच्छा दाखवणारं क्रियापद. त्याने अंदाजही सांगता येतो नि वचनही देता येतं. पक्की खात्री द्यायची तर वाक्प्रचार मदतीला येतात. ते शिकताना खात्री कशाच्या जोरावर दिली आहे, हे ओळखणं सर्वांत महत्त्वाचं.

जास्त घोटाळा ‘बाउंड टू’चा होतो. ‘बाउंड’ म्हणजे बांधलेला, म्हणून ‘शी इज बाउंड टू पास’ याचा अर्थ ‘पास होणं तिला बंधनकारक आहे’ असा लावला जातो. खरा अर्थ, ‘ती पास होणारच’. मराठीतला एका अक्षराचा ‘च’ इथे जितका चपखल बसतो तितका ‘निश्चितपणे’ बसत नाही. घडून गेलेल्या गोष्टीलाही हा प्रयोग चालतो. ‘इट वॉज बाउंड टू हॅपन’, म्हणजे हे होणारच होतं. मात्र ‘लीगली बाउंड टू पे’ म्हटलं की ते खरोखरचं बंधन, पैसे भरावेच लागतात.

‘ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम’मध्ये घटना ठरलेली, वेळ तेवढी अनिश्चित. आपलं ‘आज ना उद्या’ तेच सांगतं.

‘द रायटिंग ऑन द वॉल’ बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातून आला. बेलशस्सर राजाच्या मेजवानीत अचानक हाताची बोटं दिसतात आणि भिंतीवर लिहू लागतात. राज्याचे दिवस भरले, असा त्याचा अर्थ दानीएल सांगतो, आणि त्याच रात्री राजा मारला जातो. त्यामुळे हा प्रयोग अशुभासाठीच; बढतीची चिन्हं दिसत असतील तर तो चुकीचा ठरतो.

‘अ फोरगॉन कन्क्लूजन’ म्हणजे आधीच ठरल्यासारखा निकाल. हे शब्द शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त येतात, पण तिथे रोख आधी घडून गेलेल्या गोष्टीकडे आहे. ‘डेथ अँड टॅक्सेस’ बेंजामिन फ्रँकलिनच्या १७८९ मधल्या पत्रामुळे गाजला. अमेरिकेची नवी राज्यघटना टिकेलसं दिसतं, पण जगात मृत्यू आणि कर यांखेरीज कशाचीच खात्री देता येत नाही, असं त्याने लिहिलं. कल्पना मात्र त्याआधीची आहे.

‘कम हेल ऑर हाय वॉटर’ यांच्या पंगतीत बसवला जातो, पण त्यात अंदाज नाही, निर्धार आहे. ‘काहीही झालं तरी मी येणार’ असं त्याने म्हणता येतं. ‘उद्या पाऊस पडणारच’ म्हणता येत नाही.